लोह जातं कुठे?

जळगाव असो की धुळे, सुट्टीत गावी गेलो की पन्नाशी ओलांडलेल्या कुणाकडून तरी हे वाक्य कानावर पडतंच : ‘आंगमा ताकदच नही ऱ्हायनी भो!’ मग सल्ल्यांचा पाऊस. केळी खा, भरीत खा, मेडिकलमधून टॉनिकची बाटली आण. पण थांबा बॉस! लोह कमी झालं हे सगळे सांगतात. ते गेलं कुठे, हे कुणीच विचारत नाही.

मी या प्रश्नामागे लागलो आणि वाचत सुटलो. आधी एक गोड गैरसमज मोडतो. कापलेलं केळं नि वांगं काळं पडतं ते लोहामुळे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते काळं पडतं हवा आणि एन्झाइमच्या खेळामुळे. जळगावच्या केळीला नि भरताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, अभिमान जरूर बाळगा. पण दोघांतही लोह नावापुरतंच.

चोर आतच!

मोठ्या माणसाच्या शरीरात जेमतेम 3-4 ग्रॅम लोह असतं, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं बहुतेक रक्तात. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ झाली की ती थेंबथेंब रक्त गाळते. डोळ्यांना काही दिसत नाही, हिमोग्लोबिन मात्र उतरत जातं.

गंमत पुढे आहे, आणि ती क्रूर आहे. निरोगी आतड्याच्या पेशीला लोह आत घेणारं एक दार असतं आणि बाहेर सोडणारं दुसरं. इंग्लंडच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं, की कॅन्सरच्या पेशींमध्ये आत घेणारी दारं वाढलेली असतात आणि बाहेर सोडणारं दार कामातून गेलेलं. अंगात लोहाचा दुष्काळ, गाठीत मात्र साठेबाजी! वाढायला तिला ते हवंच असतं.

जस्ताची गोष्ट

चीनच्या लिंशियन भागात अन्ननलिकेचा कॅन्सर फार. तिथे 1985 मध्ये काही लोकांच्या अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासणीसाठी काढून जपून ठेवले होते. पुढे क्ष-किरणांच्या तंत्राने त्यातली खनिजं मोजली आणि 16 वर्षांत कुणाला कॅन्सर झाला याच्याशी ताडून पाहिली. 2005 मध्ये निकाल छापून आला : ज्यांच्या तुकड्यात जस्त सर्वाधिक, त्यांचा धोका सर्वांत कमी जस्तवाल्यांच्या सुमारे एक-पंचमांश.

मग जस्ताच्या गोळ्या सुरू? अजिबात नाही. हा संबंध दिसला, औषध सिद्ध झालं नाही. सेलेनियमची कथा आठवा. अमेरिकेत 2001 मध्ये 35 हजारांवर पुरुषांवर मोठा प्रयोग सुरू झाला. सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रोस्टेट कॅन्सर काही टळला नाही. 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या.

घरी काय कराल?

जेवणात कळण्याची भाकरी, डाळ, मेथी राहू दे, वर लिंबू पिळा. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही. हे झालं रोजचं. आता खरा मुद्दा.

पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचं 12 च्या खाली गेलं आणि कारण लोहाची कमतरता निघाली, तर पचनमार्ग दुर्बिणीतून तपासून घ्यायचा, असा पोटविकारतज्ज्ञांचा सल्ला असतो. कारण साधं निघू शकतं : अल्सर, मूळव्याध, जंत. पण ‘मूळव्याधच असेल’ हा अंदाज तपासणीआधी करायचा नाही. संडासच्या सवयी बदलल्या, वजन उतरलं, रक्त दिसलं, तर अजिबात थांबू नका.

टॉनिकची आणखी एक चलाखी सांगतो. लोहाच्या गोळीने संडासचा रंग काळा होतो, त्यामुळे रक्तामुळे आलेला काळेपणा लपून जातो. वर हिमोग्लोबिन चार पायऱ्या चढलं की घरचे निर्धास्त. नळ गळतोय आणि आपण टाकी भरतोय!

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात तिथूनही होऊ शकते. शहरात बसून आपण एवढं नक्की करू शकतो : या वीकएंडला फोनवर ‘जेवलात का?’च्या पुढे जाऊन रिपोर्ट मागवा. हिमोग्लोबिन कमी असेल, तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तीन शब्दांचा आहे : लोह गेलं कुठे?