जुजबंदी

संपादकांनी पाठवलं होतं धुळ्याला. गल्ल्यांचे पत्ते नंबरांवर सांगणाऱ्या या गावात 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले, आणि 1927 साली भा. वा. भट प्रभृतींनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून गोळा केलेल्या मोडी कागदांची ती ठेव. तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझा लेख अडकला परतीच्या वाटेवर, जळगावातल्या एका बाइंडरच्या ओट्यावर.

रद्दीत किलोवर विकली गेलेली, वाचनालयांनी 'बाद'चा शिक्का मारून काढलेली, आजोबांच्या कपाटातून निघालेली पुस्तकं त्याच्याकडे येतात. त्या दिवशी पुढ्यात होता राजवाड्यांच्याच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा एक खंड, कुणाच्या तरी घरचा. 1898 पासून या मालेचे बावीस खंड निघाले. बाइंडरने पानाचा कोपरा दुमडला, उलटा दुमडला. तिसऱ्यांदा दुमडायची वेळच आली नाही. तुकडा त्याच्या बोटांत राहिला.

गंमत म्हणायची की चेष्टा? या खंडांत छापलेली पत्रं ज्या हातकागदावर लिहिली, तसला दोन-अडीचशे वर्षांचा कागद अजून कापडासारखा वाकतो. आपल्या एरंडोल-यावलला असा जाडाभरडा देशी कागद व्हायचा. ताग, चिंध्या कुटून केलेला, खळ लावून घोटलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचा कागद आला. त्यात लाकडाचा लगदा, शाई फुटू नये म्हणून राळ नि तुरटी. तुरटीचं आम्ल कागदाचे धागे आतून तोडत राहतं, आणि उष्णतेने त्याला जोर येतो. जळगावचा पारा मेमध्ये पंचेचाळीसला टेकतो. म्हणजे मूळ पत्र धडधाकट आणि त्याची छापील नक्कल खाटेवर!

बाइंडर हे रसायन सांगत नाही. तो म्हणतो, "गिरणीच्या कागदाला आतून कसर लागते." बाहेरची कसर त्याला ठाऊक आहेच, म्हणून मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद पडतो. पण त्याचा खरा राग आहे आरपार शिलाईवर. स्वस्तात उरकायचं म्हणून पुस्तकाच्या कडेतून भोकं पाडून दोरा ओवतात. मग पुस्तक उघडत नाही आणि उघडायला जावं तर पान टाक्याच्या रेषेवर तुटतं. तो जुजबंदीच करतो. फर्मे सुटे करायचे, गंजलेल्या तारा उपटायच्या, फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी, मग प्रत्येक फर्मा त्याच्या घडीतून शिवायचा. एका पुस्तकाला अर्धा दिवस. मी पाऊण तास नुसता त्याची सुई बघत बसलो होतो, हे संपादकांना सांगितलेलं नाही.

अडचण हिशेबाची आहे. पुस्तक किलोच्या भावात येतं, बांधणीला त्याच्या कितीतरी पट लागतात. वल्लभदास वालजी वाचनालय या शहरात 1877 पासून आहे, म्हणजे वाचायची सवय जुनीच. पण बांधून घेणारं गिऱ्हाईक आता महिन्याकाठी मोजकं. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. आणि जुजबंदी कितीही नेटकी असली तरी ती पाठ सांभाळते, पान नव्हे. आम्ल काढायची सोय मोठ्या प्रयोगशाळांत; या ओट्यावर नाही. पानांचे फोटो काढून ठेवा, असं मी सुचवलं. "काढा की," तो म्हणाला, "पण पान धरायला माणूस लागेल ना, न मोडता."

संध्याकाळी त्याने पाटावरचा भुगा झाडला नाही. पोस्टकार्डाने अलगद गोळा केला, त्यातले छापील कपटे निवडले आणि एका पाकिटात भरले. पाकीट खंडाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं. कशाला, म्हटलं. इतका वेळ माझ्याशी शहरी बोलणारा तो एकदम अहिराणीवर आला.

"अक्षर शे ना त्यावर, भाऊ."