पिल्लू निवडताना

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण रुग्णांच्या नातेवाइकांकडून आपण डॉक्टर मंडळी इतक्या वेळा ऐकतो, की तिच्याकडे लक्ष देण्याचेही आपल्याला सुचत नाही. मला ती म्हण पुरतेपणी कळली ती एका कुत्र्यामुळे. संघाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा बालकांच्या लसीकरणावर पुन्हा एकदा लिहिण्याऐवजी हाच विषय घ्यावा असे वाटले. गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी कुत्रा आला आहे, आणि ‘कुठले पिल्लू घ्यावे?’ असे विचारणारे दूरध्वनी मला येत असतात. माझ्या अनुभवाच्या मागे एक चूक आहे, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

१९९८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. टिळकवाडीत आम्ही नुकतेच घर बांधले होते आणि मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला होता. उचगावच्या बाजूला एका स्नेह्यांच्या मळ्यात कुत्री व्याली होती. आम्ही गेलो तेव्हा पिल्ले नऊ-दहा आठवड्यांची झाली होती. गाडी थांबताच चार पिल्ले शेपट्या हलवीत आमच्या पायांत आली. पाचवे खताच्या पोत्यांमागे अंग चोरून बसले होते. मुलांना तपकिरी रंगाचे एक धीट पिल्लू आवडले होते. पण बालरोगतज्ज्ञाचा हात सवयीने अशक्त बाळाकडेच जातो. मी पोती सरकवली आणि त्या थरथरणाऱ्या जिवाला उचलून घेतले. त्याने माझ्या सदऱ्यावर लघवी केली. स्नेही म्हणाले, “ते कशाला घेतासा डॉक्टर? ते पहिल्यापासनं तसंच हाय.” मला त्यांचे बोलणे थोडे निष्ठुर वाटले. मायेने काय सुधारत नाही, अशी माझी समजूत होती.

मोती आमच्यावर जीव लावून होता, यात शंका नाही. परंतु घंटा वाजली की तो पलंगाखाली जाई, आणि कुणी वाकून त्याला बोलावले की दात दाखवी. आम्ही ते हसण्यावारी नेले. १९९९ च्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तो असाच पलंगाखाली दडला असता शेजारचा सहा वर्षांचा मुलगा त्याला चकली द्यायला आत सरकला. गालावरची जखम आमच्या एका शल्यचिकित्सक मित्राने त्याच रात्री अतिशय हळुवार हाताने शिवली. मोतीचे लसीकरण वेळच्या वेळी झालेले होते. तरीही मुलाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिली आणि मोतीला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवले. शेजारच्या वहिनी आम्हांला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त त्यांचा मुलगा त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या अंगणात आला नाही. मोती पुढे २०१० पर्यंत जगला. पाहुणे आले की आतल्या खोलीत बंद, हाच त्याचा उरलेला दिनक्रम होता. त्या दाराच्या आतून येणारा त्याचा कण्हल्यासारखा आवाज सौ.ला आजही आठवतो.

दोष मोतीचा नव्हता. या विषयावरचे वाचन मी त्यानंतर सुरू केले. आधी करायला हवे होते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले आणि १९६५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिल्लाच्या आयुष्यात सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत एक झरोका उघडा असतो, असे त्यांना दिसले. आपल्या भाषेत ‘माणसाळणे’ असा सुरेख शब्द आहे. तो त्या काळाला तंतोतंत लागू पडतो. या आठवड्यांत ज्या माणसांचा, आवाजांचा आणि वासांचा परिचय होतो, ते पुढे आपले वाटतात. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसांच्या सहवासाविना कुंपणाआड वाढवली गेली. ती पुढे जवळजवळ रानटी जनावरासारखी वागू लागली. मळ्यातल्या त्या गोठ्यात दोनच माणसांची ये-जा होती. मोतीच्या चार भावंडांना तेवढी पुरली. मोती मुळातच भित्रा, त्याला ती पुरली नाही. आणि मी त्याला आणले तेव्हा झरोका मिटत आला होता.

पिल्लांच्या स्वभावाची परीक्षा घेण्याच्या पद्धतीही आहेत. विल्यम कॅम्पबेल यांनी १९७२ मध्ये पाच भागांची एक सोपी चाचणी मांडली; पुढे व्होलहार्ड दांपत्याने तिच्यात भर घालून साधारण एकोणपन्नासाव्या दिवशी ती घ्यावी असे सुचवले. अपरिचित माणसाने अपरिचित जागी पिल्लाला एकटे सोडायचे. हाक मारल्यावर ते येते का, चालू लागल्यावर मागे येते का, हे पाहायचे. त्याला हळूच पाठीवर निजवून छातीवर अर्धा मिनिट हात ठेवला की ते धडपडते, की काही वेळ धडपडून शांत होते, की भीतीने गोठून जाते, याची नोंद करायची. मग जवळच एखादे भांडे पाडायचे. दचकणे स्वाभाविक आहे. दचकल्यानंतर किती वेळात सावरते, ही खरी नोंद. धडपडणारे पिल्लू ‘वर्चस्व गाजवणारे’ असा जो अर्थ त्या काळी लावला जाई, तो आता मागे पडला आहे. पण भांडे पडल्यावरचे ते सावरणे मात्र मला आजही महत्त्वाचे वाटते.

अशा गुणपत्रिकांचे आपल्याला आकर्षण असते. मात्र आपल्या वाचकांना अॅपगार गुणांची आठवण करून दिली की माझे म्हणणे चटकन ध्यानात येईल. व्हर्जिनिया अॅपगार यांनी १९५२ मध्ये ती पद्धत आखली ती जन्मलेल्या बाळाला या क्षणी मदतीची गरज आहे का, हे ठरवण्यासाठी. ते बाळ पुढे हुशार निघेल की हट्टी, हे सांगण्याचा दावा त्यांनी कधीच केला नाही. तरी ‘दहापैकी नऊ मिळाले!’ म्हणून पेढे वाटणारे आजोबा मी पाहिले आहेत. पिल्लांच्या चाचणीचेही तेच. स्वीडनमध्ये विल्सन आणि सुंडग्रेन यांनी आठ आठवड्यांच्या सहाशेहून अधिक जर्मन शेफर्ड पिल्लांची परीक्षा घेतली आणि मोठेपणी त्यांना पुन्हा तपासले. १९९८ च्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे पिल्लाच्या गुणांवरून प्रौढ कुत्र्याचे काम सांगता येत नव्हते. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१४ मध्ये बॉर्डर कोली जातीवर तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सहा-सात आठवड्यांच्या वयातला एकच गुण दीड-दोन वर्षांनंतर टिकून असलेला दिसला: नवी जागा हुंगत फिरण्याची हौस. बाकीचे रंग बदलले होते. माझ्यावर या वाचनाचा परिणाम असा झाला, की गुणांची बेरीज करणे मी सोडून दिले. टोकाला असलेले पिल्लू ओळखावे, आणि उरलेल्यांतून निवड करताना पिल्लापेक्षा त्याच्या आईकडे व घराकडे अधिक पाहावे, एवढेच मी मानतो.

आईवरून आठवले. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्या पिल्लांना सतत कुशीत घेऊन बसत, त्यांची पिल्ले पुढे प्रशिक्षणात नापास होण्याचा संभव अधिक होता. ज्या उभ्या राहून पाजत आणि पिल्लांना दुधासाठी थोडी धडपड करू देत, त्यांची पिल्ले सरस ठरली. माझ्या बाह्यरुग्ण कक्षातल्या काही मातांना हे सांगण्याचा मोह मला अनेकदा झाला. पण मी तो आवरला.

पिल्लू निवडण्याआधी जात निवडावी लागते, आणि इथे आपल्या बेळगावकरांचा एक हळवा कोपरा आहे, मुधोळचा. बागलकोट जिल्ह्यातले हे गाव घोरपडे संस्थानिकांचे. मालोजीराव घोरपडे यांनी तिथल्या शिकारी कुत्र्यांची जात नावारूपाला आणली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना पिल्ले भेट दिली. खेड्यापाड्यांतून याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. २००५ मध्ये त्याचे टपाल तिकीट निघाले, आणि २०१६ मध्ये भारतीय लष्कराने मीरतच्या केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेली. अभिमान वाटावा असेच हे आहे. तरी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर दवाखान्यात असणाऱ्या दांपत्याने मुधोळचे पिल्लू आणू नये असे मी स्पष्ट सांगतो. ज्याच्या पूर्वजांना सशाच्या मागे माळरान तुडवण्यासाठी घडवले, परक्याच्या हाताला ज्याचे अंग सहजी लागत नाही, त्याला गॅलरीत बांधणे हा त्याच्यावर अन्याय आहे. रोज धावायला मोकळे रान देऊ शकणाऱ्यांनी ते जरूर आणावे.

२०१८ मध्ये नातू चार वर्षांचा झाला आणि घरात कुत्र्याचा विषय पुन्हा निघाला. सौ.ने एकच अट घातली: “या वेळी दया दाखवायची नाही.” तालुक्यातल्याच एका गावी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार लॅब्रॅडॉर पाळतात असे कळले. त्यांच्याकडे एका वेताची सात पिल्ले होती; ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाच्या लोकरीचा धागा. पिल्ले स्वयंपाकघरालगतच्या पडवीत वाढत होती. तिथे मिक्सर फिरत होता, नातवंडे धावत होती, टीव्ही चालू होता. मला निम्मे उत्तर तिथेच मिळाले. उरलेले निम्मे पिल्लांच्या आईने दिले: आम्ही बसताच ती उठून आली, आमचे हात हुंगले आणि पिल्लांकडे पाठ करून निश्चिंत झोपली.

आम्ही दोनदा गेलो, पाचव्या आणि सातव्या आठवड्यात, आणि हे दोनदा जाणे फार उपयोगी पडले. पहिल्या खेपेस लाल धाग्याचे पिल्लू सर्वांत मंद वाटले होते. त्याला आदल्याच दिवशी जंताचे औषध पाजले होते. दुसऱ्या खेपेस त्यानेच नातवाच्या चपलेचा पट्टा ओढून नेला. एका भेटीतल्या तपासणीवरून निदान करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तिथे मीच ते जवळजवळ केले होते. मग परवानगी घेऊन एकेक पिल्लू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि स्टीलची थाळी फरशीवर टाकली. लाल धागेवाले थाळीवर चालून गेले व भुंकत राहिले. पांढऱ्या धाग्याची पिल्ली तुळशीवृंदावनामागे गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. हिरव्या धाग्याची काळी पिल्ली दचकली, दोन पावले मागे सरली, आणि क्षणभराने सर्वांत आधी थाळी हुंगायला आली. आम्ही तिलाच पसंत केले.

पण सुभेदारांनी आम्हांला अजून पसंत केले नव्हते. “दुपारी घरात कोण असतंय?” “बाळ कुत्र्याचे कान ओढतंय काय?” “पहिला कुत्रा होता, त्याचं काय झालं?” तिसऱ्या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, “आठ आठवडे पुरे झाल्याबिगर देणार नाही.” २०१७ च्या नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही, पण त्यांना नियम ठाऊक नसता तरी त्यांनी तेच म्हटले असते. पांढऱ्या धाग्याच्या पिल्लीकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जात होते. सौ.ने ते ओळखून माझी बाही धरली. पुढे कळले, की ती धारवाडच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे गेली. घरात मुले नाहीत, वर्दळ नाही. तिथे ती छान रुळली.

निवड झाल्यावरचे चार आठवडे निवडीइतकेच मोलाचे. इथे डॉक्टर मंडळी एक विशिष्ट चूक करतात: लसीचे सर्व डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर न्यायचे नाही, असा सोवळेपणा पाळतात. पार्व्होची भीती खरी आहे. परंतु तोवर तो झरोका बंद होतो. पहिली लस झाल्यावर आठवड्याभराने आम्ही ताराला, म्हणजे त्या काळ्या पिल्लीला, कडेवर घेऊन रोज हिंडवले. रस्त्यावर, जिथे भटकी कुत्री फिरतात तिथे, खाली ठेवायचे नाही. पण रिक्षा, छत्री, दाढीवाले गृहस्थ, शाळेच्या गणवेशातली मुले, सारे तिने कडेवरूनच पाहिले. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर तिचा दात किंवा नख लागले की जखम साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि डॉक्टरांना दाखवणे हा नियम नातवासकट सर्वांना लागू होता. ‘पिल्लू तर एवढेसे आहे’ असे म्हणत आया मुलांचे ओरखडे माझ्यापासून लपवतात. पिल्लांपासूनही रेबीज होतो, हे आपण प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात सांगत राहिले पाहिजे.

त्या दिवाळीत आम्ही कानात जीव आणून वाट पाहिली. फटाके सुरू झाले तेव्हा तारा ओसरीवर नातवाच्या पायाशी बसून चिवडा मागत होती. शेजारचा तो मुलगा, आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो, सुट्टीसाठी आला होता. तो फाटकाशी थांबला, थोडा वेळ पाहत राहिला आणि आत आला. ताराने त्याचा हात हुंगला. गालावरची ती रेघ अजून दिसते.

तारा आता सात वर्षांची होऊन गेली आहे. फटाके, ढगांचा गडगडाट, गणपतीतले ढोल यांची तिला फिकीर नाही. मात्र थाळी पडल्यावर सर्वांत आधी हुंगायला आलेली ही पिल्ली कुकरची शिट्टी झाली की न्हाणीघरात जाऊन बसते. असे का, ते आम्हांला आजतागायत समजलेले नाही. सौ. आता वरणाचा कुकर लावण्यापूर्वी तिला अंगणात सोडते.