पतंगाच्या वरचं आभाळ कुणाचं?

दोस्तांनो, संक्रांतीची दुपार आठवा. मुधोळच्या गच्चीवर तुम्ही उभे आहात. फिरकी ताईच्या हातात, दोरा तुमच्या बोटांवर. पतंग इतका वर गेलाय की दोऱ्याला नुसती थरथर जाणवते. आणि त्याच्याही खूप वर एक पांढरी रेघ हळूहळू लांबत चाललीय. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं विमान!

दिसायला चिमुकलं, पण असतं साधारण ३५,००० फुटांवर, म्हणजे दहा किलोमीटरहून उंच. मुधोळहून बासरचं सरस्वतीचं देऊळ जेवढं लांब, जवळपास तेवढं ते आपल्या डोक्यावर उंच!

आता एक गंमत ऐका. १९३४ साली आपल्या देशात विमानांचा कायदा झाला. हवेत तरंगणाऱ्या कोणत्या वस्तूंना हा कायदा लागू, याची यादी त्यात होती. फुगे, ग्लायडर आणि चक्क पतंग! म्हणजे कायद्याच्या पुस्तकात तुमचा पतंग आणि ते मोठं विमान शेजारी शेजारी बसले होते. त्या कायद्याची जागा २०२५ च्या १ जानेवारीपासून नव्या कायद्याने घेतली आहे.

पण विमान आपल्या घरावरून जातं, तर आपल्याला का विचारत नाही? कारण घर आपलं असलं, तरी त्याच्या वरचं आभाळ देशाच्या ताब्यात असतं. ही गोष्ट १९४४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात पक्की झाली. तिथे पन्नासहून जास्त देश जमले होते, भारतही होता. त्यांनी करार केला, की प्रत्येक देशाच्या जमिनीवरच्या हवेवर त्याच देशाचा पूर्ण हक्क. म्हणून परदेशी विमानाला आपल्यावरून जायचं असेल, तर आधी भारताची परवानगी लागते. त्याहून वर, अंतराळात मात्र कुणाची मालकी नाही. १९६७ च्या करारात तसं लिहिलंय. म्हणून उपग्रह कुणालाही न विचारता सगळ्या देशांवरून फिरतात.

या हक्काची एक गोष्ट थेट आपल्या भागातली आहे. १९४८ साली मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता आणि नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हे संस्थान जमिनीने वेढलेलं, चहूकडे भारत. समुद्र नाही, बंदर नाही. भारतात सामील न झालेल्या निजामाला बाहेरून शस्त्रं आणायची तर उरली एकच वाट, आभाळाची! सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमानं रात्री कराचीहून निघत. भारताची परवानगी न घेता, अंधारात, आपल्या हद्दीवरून उडत ती संस्थानात शस्त्रं पोहोचवत. बीदरच्या धावपट्टीवरही ती उतरली. १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. कॉटनला पुढे इंग्लंडमध्ये दंड झाला. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाल, तेव्हा क्षणभर वर बघा. त्या लढ्यात आभाळालाही सीमा होती.

आजही देशांचं भांडण झालं की आधी आभाळाचं दार लागतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. काही दिवसांत भारतानेही पाकिस्तानी विमानांना केली. मग दिल्लीहून युरोपला निघालेली आपली विमानं अरबी समुद्राकडून वळसा घालून जाऊ लागली. जास्त वेळ, जास्त इंधन. भांडण जमिनीवरचं, आणि वाट लांबली आभाळातली.

आभाळातले सगळे नियम भांडणासाठी नसतात. बरेचसे जीव वाचवण्यासाठी असतात. रस्त्यावर गाड्या डावीकडून चालतात, तशी आभाळात उंची वाटून दिलेली असते. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानांची हवेतच टक्कर झाली. एकाला १४,००० फुटांवर आणि दुसऱ्याला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. वरचं विमान ठरलेली उंची सोडून खाली आलं. ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना धडकेचा इशारा देणारं यंत्र बसवणं सक्तीचं झालं.

आता आभाळात नवा पाहुणा आलाय, ड्रोन. कापसावर, सोयाबीनवर फवारणी करणारा ड्रोन तुम्ही पाहिलाही असेल. त्याच्यासाठी २०२१ साली नियम झाले आणि सरकारने देशाच्या आभाळाचा रंगीत नकाशा बनवला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांना विचारावं लागतं. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही. चालू विमानतळाच्या आसपास हिरवा रंग मिळत नाही, कारण तिथे विमानं खाली उतरत असतात आणि छोटासा ड्रोनही शेकडो प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून दोस्तांनो, गावात कुणी ड्रोन आणला, तर उडवण्याआधी मोठ्यांना एवढंच विचारा, ‘नकाशा बघितला का? आपलं आभाळ हिरवं आहे ना?’ उत्तर हो आलं, तरच उडवू द्या.