वाहतें रक्त कसें थांबतें?

विळीवर भाजी चिरतांना बोट कापलें, कीं घरांतील कोणी तरी हळदीचा डबा घेऊन धांवतें. बोट दाबून धरावें आणि चार-पांच मिनिटांत रक्त थांबलें म्हणजे सारें श्रेय हळदीला द्यावें, ही आपली जुनी रीत. हळदीची निंदा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु तेवढ्या अवकाशांत कापलेल्या वाहिनीच्या तोंडाशीं काय काय घडून जातें, हें कळलें म्हणजे मनुष्य थक्क होतो. सुश्रुतानें रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. ते वैद्यानें बाहेरून योजावयाचे. देह आंतून काय करतो, हें कळण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली.

रक्त बाहेर पडल्यावर कां साकळतें, असें वर्गांत कोणी विचारलें तर “हवा लागल्यामुळें” असें उत्तर मीं पुष्कळ वर्षें ठोकून दिलें. तें चूक होतें. वाहिनी आंतल्या आंत दुखावली तरी तेथें रक्त साकळतें. हवेचा तेथें संबंध काय? खरें मर्म वाहिनीच्या भिंतींत आहे.

इटलींतील ट्युरिन येथें ज्युलिओ बिझ्झोझेरो यानें जिवंत गिनीपिगच्या सूक्ष्म वाहिन्यांतून वाहणारें रक्त पाहिलें व आपलें निरीक्षण १८८२ सालीं प्रसिद्ध केलें. तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज त्याला चिमुकल्या चकत्या दिसल्या. भिंतीला जेथें इजा झाली, नेमक्या तेथेंच त्या चिकटून ढीग होई. तपासणीच्या कागदावर आज ज्यांना ‘प्लेटलेट’ म्हणतात त्या ह्याच. आपण त्यांस बिंबिका म्हणूं. एका घन मिलिमीटर रक्तांत त्या दीड ते चार लाख असतात. त्यांना केंद्रक नाहीं आणि आयुष्य अवघें आठ-दहा दिवसांचें.

परंतु वेगानें वाहून जाणारी बिंबिका भिंतीला धरते तरी कशानें? ह्या प्रश्नाचें उत्तर एका लहान मुलीच्या दुखण्यांतून निघालें.

स्वीडन व फिनलंड यांच्यामध्यें ओलांड नांवाचा द्वीपसमूह आहे. तेथील पांच वर्षांच्या एका मुलीला १९२४ सालीं हेलसिंकी येथें एरिक फॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे आणलें. पूर्वीं ओठाला झालेल्या जखमेनें ती मरतां मरतां वांचली होती; तिचीं चार भावंडें रक्तस्रावानें दगावलीं होतीं. डॉक्टरांनीं रक्त तपासलें तों बिंबिकांची संख्या नेहमींची, आणि कांचेच्या नळींत रक्त साकळेही वेळेवर. तरी टोंचलेल्या जागेंतून रक्त थांबेना! त्यांनीं त्या कुळांतील ६६ जणांची माहिती काढली. २३ जणांना हा विकार होता व त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. नेहमींचा हीमोफिलिया बहुधा पुरुषांना होतो. तेव्हां हा विकार निराळा, आणि दोष बिंबिका व भिंत यांच्या परस्परसंबंधांत असावा, असें त्यांनीं १९२६ सालीं लिहिलें. ती मुलगी मात्र तेरा वर्षांची असतां चौथ्या ऋतुस्रावांत वारली.

उणीव होती ती एका प्रथिनाची. त्याला आज त्याच डॉक्टरांचें नांव आहे. १९५७ सालीं स्वीडनमधील इंगा मारी निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरोगी रक्तद्रवांतून काढलेला अंश देऊन असा रक्तस्राव थांबतो, हें दाखवून दिलें. गंमत अशी कीं, हें प्रथिन मुख्यतः भिंतीचें आंतील अस्तरच तयार करतें आणि आपल्या पेशींत सांठवून ठेवतें. रक्तांत तें गुंडाळलेल्या दोरासारखें निरुपद्रवी फिरत असतें. अस्तर फाटलें, कीं खालचे कोलॅजेनचे तंतु उघडे पडतात. हा दोर त्यांना जाऊन चिकटतो, आणि वाहत्या रक्ताच्या ओढीनेंच उलगडतो. ओढ जितकी जोराची तितका तो अधिक लांबतो, व त्याच्या पोटांत दडलेले आंकडे बाहेर येतात. पुरांत वाहून जाणारा मनुष्य काठच्या दोराला लोंबकळावा तशी बिंबिका त्याला धरते, थोडी घरंगळते आणि थांबते. मग ती आकार बदलते, रसायनें सोडून शेजारणींना बोलावते. त्या एकमेकींना चिकटतात व त्या ढिगावर फायब्रिनचें जाळें विणलें जातें.

हा ढीग वाढतच गेला तर वाहिनी तुंबेल. म्हणून शेजारचें धड अस्तर बिंबिकांना दूर ठेवणारीं द्रव्यें सोडतें. त्यांपैकीं प्रोस्टासायक्लिन हें १९७६ सालीं सांपडलें. तेव्हां रक्ताला प्रवाही ठेवणारी भिंत आणि प्रसंगीं दोर पुरविणारी भिंत एकच.

ज्या विषयावर आमच्या पिढीच्या पुरुषांनीं घरांत तोंड उघडावयाचें नाहीं, त्याकडे आतां वळतों. आमच्या नातीला चौदाव्या वर्षापासून दरमहा अतिशय स्राव होई. शाळा बुडे, चेहरा पांढराफटक पडे. तिची आजी म्हणे, “आमच्या घराण्यांत असेंच असतें, माझेंही तसेंच होतें.” तपासणींत बिंबिका अडीच लाख निघाल्या, आणि आम्हीं सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. “घराण्यांत असेंच असतें” हें वाक्य म्हणजेच निदान होतें, हें मला सुचलें नाहीं. पुढें दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनीं प्रथम तेंच विचारलें: आईला काय होतें, आजीला काय होतें, दांत काढल्यावर रक्त किती वेळ वाहिलें? नंतर त्या प्रथिनाची निराळी तपासणी करविली, तेव्हां उलगडा झाला. आनुवंशिक रक्तस्रावाच्या विकारांत हाच सर्वांत अधिक आढळतो. परंतु बिंबिकांच्या नुसत्या संख्येवरून तो ओळखतां येत नाहीं. सौम्य प्रकारांत डेस्मोप्रेसिन नांवाचें औषध पुष्कळदां उपयोगीं पडतें. १९७७ सालीं इटलींत मानुच्ची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा असा उपयोग दाखविला. तें औषध भिंतींतील सांठाच मोकळा करतें. आमच्या नातीला तें लागू पडलें.

माझी गोष्ट याच्या उलट. हृदयाच्या रोहिणींतील चरबीचा थर फुटला, तेथें हाच दोर उलगडला, ह्याच बिंबिका जमल्या आणि मला रुग्णालयांत न्यावें लागलें. तेव्हांपासून रोज ॲस्पिरिनची लहान गोळी चालू आहे. ती बिंबिकेची हांक मारण्याची शक्ति नाहींशी करते. आणि केंद्रक नसल्यामुळें बिंबिकेला ती पुन्हा मिळवितां येत नाहीं, आयुष्य संपेपर्यंत ती मुकीच राहते. नातीला हीच गोळी वर्ज्य आहे, डोकें कितीही दुखलें तरी. म्हणून माझी डबी आतां देवघराच्या वरच्या फळीवर असते, आणि तिच्यावर सूनबाईंनीं तांबड्या शाईनें ‘आजोबा’ असें लिहून ठेवलें आहे.