कॅथलिक श्रद्धेतील शिकवण्याच्या अधिकाराचे अधिष्ठान

प्रस्तावना :
नाशिकमध्ये ख्रिस्ती धर्माच्या दोन परंपरा नांदतात. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट वसाहत होय. तर १९८७ मध्ये नाशिक हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला व थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. बायबल दोहोंनाही पूज्य आहे. मात्र त्याच्या अर्थाविषयी मतभेद झाल्यास निर्णय कोणी द्यावा, येथे त्यांचे मार्ग भिन्न होतात.

विवेचन :
प्रोटेस्टंट परंपरा बायबललाच अंतिम प्रमाण मानते. कॅथलिक भूमिकेनुसार येशूने ग्रंथ लिहिला नाही, प्रेषितांना शिकवण्यासाठी पाठविले. बिशप हे प्रेषितांचे व पोप हे संत पेत्राचे उत्तराधिकारी असल्याने हा अधिकार विद्वत्तेतून वा बहुमतातून नव्हे, तर उत्तराधिकारातून येतो.

तथापि तो अमर्याद नाही. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपचे अस्खलनत्व श्रद्धा व नीती यांविषयी संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी केलेल्या निर्णायक घोषणेपुरतेच मान्य केले. १९५० मधील मरियेच्या स्वर्गोन्नयनाची घोषणा हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हा अधिकार ईश्वरी वचनाच्या वर नसून त्याचा सेवक असल्याचे स्पष्ट केले.

निष्कर्ष :
न्यायदर्शनात आप्तवचन प्रमाण ठरते ते वक्त्याच्या यथार्थ ज्ञानामुळे. येथे ते सोपविलेल्या पदामुळे ठरते. म्हणूनच पोपची प्रत्येक उक्ती अस्खलनशील मानली जाते, हा समज अध्यापनात टाळावयास हवा.