सर्वसहमती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव ठराव वाचतात, सूचक-अनुमोदकांची नावं घेतात, ‘कोणाची हरकत?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या विषयाला हात घालतात. इतिवृत्तात नोंद होते: ‘सर्वानुमते मंजूर’. याला सर्वसहमती म्हणत नाहीत.

गैरसमज: सगळ्यांचं मत एकच असावं लागतं.
वस्तुस्थिती: प्रस्ताव फारसा पटला नसला, तरी ‘चालेल, मी आड येणार नाही’ एवढं पुरतं. १६६ सदस्यांच्या जागतिक व्यापार संघटनेत, बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली असं मानतात.

गैरसमज: नुसतं चर्चेचं गुऱ्हाळ चालतं, निर्णय होत नाही.
वस्तुस्थिती: गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात ग्रामसभा सर्वसहमतीनेच निर्णय घेते. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढे ढकलला जातो. गावात अभ्यासगट चालतो. तिथे माहिती जमते, शंका निघतात, वाद झडतात. निर्णय मात्र ग्रामसभाच करते. याच गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदानाचा, म्हणजे आपापली जमीन ग्रामसभेच्या हवाली करण्याचा, ठराव केला. जमिनीसारखा विषय बहुमताने रेटला असता, तर निर्णय लवकर झाला असता आणि भांडणं वर्षानुवर्षं चालली असती.

गैरसमज: एक जण अडून बसला की सगळं ठप्प.
वस्तुस्थिती: ही भीती अगदीच खोटी नाही. नव्या नेमणुका अमेरिकेने अडवल्यामुळे व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ मध्ये बंद पडलं. पण सदस्यांमधल्या तंट्यावरचा अहवाल फेटाळायचा, तर त्याच संघटनेत सर्वांची सहमती लागते. तिथे एकट्याचा नकार चालत नाही. नकाराला किती वजन द्यायचं, हे नियम करतानाच ठरवावं लागतं: हरकतीचं कारण सांगणं बंधनकारक आहे का, दुरुस्त मसुदा कोण आणणार, किती सभांनंतर मतदान घ्यायचं.

गैरसमज: गप्प बसला, म्हणजे राजी आहे.
वस्तुस्थिती: कागदोपत्री तसं धरता येतं. पण सभेत गप्प बसलेलाच पुढे वर्गणी थकवतो. म्हणून अध्यक्षांनी एकेकाला नाव घेऊन विचारावं आणि आलेली हरकत कारणासह इतिवृत्तात लिहून घ्यावी. पुढचा मसुदा त्या कारणावरूनच तयार होतो.