तप्त तेलाचे खापर कोणावर?

फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेतील पिकअप ट्रकांना २००३ ते २००७ या मॉडेल-वर्षांत जे सहा लिटरचे पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन बसविले जात असे, त्याच्या ऑईल कूलरविषयी अमेरिकेतील ट्रकमालकांत, आणि काही अंशी कारागिरांतही, असे काही समज दृढमूल झालेले आहेत की त्यांपायी चांगली इंजिने नाहक खोलली जातात. म्हणून त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

तेल तापते म्हणजे ते पातळ असले पाहिजे, तेव्हा जाड तेल घालावे, हा त्यांतला पहिला समज. वस्तुतः हा कूलर इंजिनाच्या दोन बाजूंमधील खोलगट जागेत, तेलाच्या फिल्टरखाली दडलेला असून तेलाची उष्णता तो हवेला नव्हे, तर रेडिएटरच्या कूलंटला देतो. आणि ब्लॉकच्या ओतकामात मागे राहिलेली वाळू व कूलंटमधील सिलिकेटांचा साका त्याच्या अरुंद वाटांत बसला, की तेल कितीही उत्तम असले तरी ते निवणे अशक्य होते. शिवाय या इंजिनात इंजेक्टर चालविण्याचे कामही उच्च दाबाच्या इंजिन तेलाकडेच सोपविलेले असल्यामुळे, फाजील जाड तेल थंडीच्या सकाळी इंजेक्टरांनाच जाचक ठरते.

याहून हानिकारक समज असा की, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडले जाणारे निकासवायू निवविणारा कूलर, फुटला म्हणजे सारा कसूर त्याचाच. कूलंट आधी ऑईल कूलरमधून जाते आणि तेथून पुढे ईजीआर कूलरला मिळते, हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे खरा प्रकार उलगडतो: पाटाच्या वरच्या अंगाला गाळ साचला तर खालचे शेत सुकते, त्याप्रमाणे कूलंटवाचून राहिलेला ईजीआर कूलर तप्त निकासवायूंत भाजून निघतो, फुटतो, त्यातले पाणी सिलिंडरांत शिरते, आणि अखेर हेडचे बोल्ट ताणले जाऊन हेड गॅस्केटवर बेतते. केवळ ईजीआर कूलर बदलणाऱ्याने म्हणूनच परिणामाचा बंदोबस्त केला, कारणाचा नव्हे. तो समूळ काढून टाकावा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. पण प्रदूषणनियंत्रणाची यंत्रणा निकामी करणे अमेरिकेच्या ‘क्लीन एअर ॲक्ट’ या कायद्याने निषिद्ध आहे, हे तो देणारे क्वचितच सांगतात.

समोरचा काटा मध्यावर आहे म्हणजे सर्व ठाकठीक, हेही खरे नव्हे. तो काटा कूलंटचा. इंजिन पूर्ण तापल्यावर सपाट महामार्गावर एकसारख्या वेगाने ट्रक हाकताना तेल व कूलंट यांच्या तापमानांतील अंतर स्कॅनरवर पाहावे. ते १५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसच्या वर जात असेल, तर कूलर तुंबत चालला असे निःशंक समजावे.

आता सुधारणेविषयी. पुढच्या जाळीमागे हवेने थंड होणारा स्वतंत्र ऑईल कूलर बसवून कूलंटचा मार्ग ईजीआर कूलरकरिता मोकळा करणे, ही तजवीज मूळ दुखण्यावरच इलाज करते, आणि जड ओझी ओढणाऱ्याने तिचा अवश्य विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तेल जितके थंड तितके बरे, या समजुतीने तेलाच्या वाटेवरील थर्मोस्टॅटला फाटा देणे अनुचित होय. कारण तेलात उतरलेली पाण्याची वाफ व इंधनाचा अंश उडून जाण्यासाठी ते पुरेसे तापावेच लागते, आणि मूळचा कूलर सकाळी लवकर तापणाऱ्या कूलंटकडून तेलाला ऊब देण्याचेही काम करीत असतो, ते हवेच्या कूलरकडून होत नाही. बाहेरून नेलेल्या नळ्या कोठे घासत नाहीत ना, याचीही खातरजमा करावी. नळी फुटली तर केवळ वंगणच नव्हे, तर इंधनाची फवारणीही थांबते.

आणि नवा कूलर कोणत्याही जातीचा असो, तो जोडण्यापूर्वी जुने कूलंट पूर्ण काढून सारी व्यवस्था धुऊन घ्यावी, सिलिकेटरहित कूलंट भरावे व त्याला स्वतंत्र फिल्टर लावावा; हे न करता पाण्यावर चालणारा नवा कूलर बसविला, तर उरलेला गाळ त्याच्याही वाटा बुजवितो.